वचन आणि भाकीत

लग्न लावणं हे माझं काम. त्याआधी मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर पौरोहित्य रीतसर शिकले. पुण्यात बाईनं लग्न लावणं आता नवलाचं राहिलेलं नाही, फार तर मुलाकडची एखादी आत्या मलाच येऊन विचारते, "गुरुजी अजून आले नाहीत का हो?" लग्नाच्या आधी मी मुलगा-मुलगी दोघांना कोथरूडच्या घरी बोलावते आणि कोणत्या विधीचा अर्थ काय, ते समजावून सांगते. पूर्वी या बैठकीत पत्रिकेचा विषय निघायचा, हल्ली संशोधनाचा निघतो.

"काकू, आम्ही छत्तीसच्या छत्तीस केलेत," असं एक मुलगी म्हणाली, तेव्हा ती गुणमेलनाबद्दल बोलतेय असंच मला वाटलं. वर्णाचा एक, वश्याचे दोन, ताऱ्याचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, राशिकूटाचे सात आणि नाडीचे आठ, अशी छत्तीस गुणांची बेरीज होते. अठरा जुळले की बोलणी पुढे सरकतात. पण ती म्हणत होती ते छत्तीस प्रश्न. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवायचं आणि पाऊण तासात बारा-बाराच्या तीन गटांतले छत्तीस प्रश्न एकमेकांना विचारायला लावायचे. सुरुवातीचे प्रश्न साधे, शेवटचे चांगलेच आत शिरणारे. पाऊण तासानंतर ही माणसं नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा एकमेकांना जास्त जवळची वाटू लागली. ॲरनला अभ्यासायची होती जवळीक, प्रेम जमवणं हा त्याचा हेतूच नव्हता. पण २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका लेखिकेनं या प्रश्नांबद्दल लिहिलं आणि 'प्रेमात पाडणारे छत्तीस प्रश्न' जगभर गाजले.

दोन्हीकडे छत्तीस हा निव्वळ योगायोग. पण त्या दिवसापासून दोन्ही छत्तीस शेजारी ठेवून बघायची मला सवय लागली. एका छत्तीसमध्ये मुलगा-मुलगी तोंडसुद्धा उघडत नाहीत. त्यांच्या वतीनं जन्मवेळेचा चंद्र बोलतो. दुसऱ्यात ती दोघं बोलल्याशिवाय काही सुरूच होत नाही. आणि तरी माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या मनात तोच प्रश्न होता, जो पत्रिका घेऊन येणाऱ्या तिच्या आजीच्या मनात असेल: आमचं टिकेल ना?

या प्रश्नाचं उत्तर शास्त्रानं द्यावं का? आणि दिलंच, तर अग्नीसमोर घेतलेल्या वचनाला काय अर्थ उरतो?

पहिल्या प्रश्नावर अमेरिकेत एकदा जाहीर वाद झाला आहे. १९७५च्या मार्चमध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी पैशाच्या उधळपट्टीसाठी 'गोल्डन फ्लीस' नावाचा उपहासाचा पुरस्कार सुरू केला. पहिला मान मिळाला नॅशनल सायन्स फाउंडेशनला, कारण त्यांनी प्रेमाच्या अभ्यासासाठी ८४,००० डॉलर दिले होते. एलेन बर्शाइड आणि इलेन हॅटफिल्ड या दोन बायका हे संशोधन करत होत्या. सिनेटरसाहेबांचा आक्षेप पैशापुरता नव्हता. माणूस प्रेमात का पडतो हे गूढच राहिलेलं बरं, आपल्याला ते उत्तरच नको, असा त्यांचा सूर होता. त्यावर बर्शाइड यांच्याकडे रागाच्या पत्रांचा पाऊस पडला.

मी रोज देवापुढे दिवा लावणारी बाई आहे. त्यामुळे मी प्रॉक्समायर यांच्या बाजूची असणार, असं पुष्कळांना वाटतं. मी नाही. अज्ञानाचं कुंपण घातल्याशिवाय जे टिकत नाही, ते गूढच नव्हे. आणि आपल्या परंपरेनं तरी हा विषय झाकून कुठे ठेवला? कामसूत्र लिहिणारा वात्स्यायन ग्रंथाच्या शेवटी सांगतो की हे काम त्यानं ब्रह्मचर्यानं आणि समाधीनं केलं. म्हणजे प्रेमाचा बाहेरून अभ्यास करता येतो, असं त्याचं मत होतं. तोच वात्स्यायन मध्येच हेही मान्य करतो की रतीचं चाक एकदा फिरू लागलं की शास्त्राचा क्रम तिथे चालत नाही. इतका प्रांजळपणा संशोधकाकडे असला, तर आणखी काय हवं?

उलट बाजू मांडली ती मंडनमिश्राच्या बायकोनं, उभयभारतीनं. मंडनमिश्र आणि शंकराचार्य यांच्या वादाची कथा 'शंकरदिग्विजया'त येते. नवरा हरल्यावर उभयभारती आचार्यांना म्हणते, मीही वाद घालणार, आणि प्रश्न विचारते कामशास्त्राचे. संन्याशाला उत्तर देता येत नाही. आचार्य महिन्याची मुदत मागतात, मेलेल्या अमरुक राजाच्या देहात प्रवेश करतात आणि राजाच्या अंतःपुरातून ते ज्ञान घेऊन परततात. कीर्तनात ही कथा आचार्यांच्या सामर्थ्याची म्हणून रंगवतात. मला ती उभयभारतीच्या विजयाची वाटते. काही गोष्टी आत शिरल्याशिवाय कळत नाहीत, हे तिनं त्या काळच्या सर्वांत मोठ्या तर्कपंडिताकडून कबूल करून घेतलं.

कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर कीर्तनकार थांबत नाहीत. त्या राजाच्या राण्यांना कोणी विचारलं? नवरा जिवंत झाला असं समजून त्या ज्याच्याजवळ गेल्या, तो त्यांचा नवरा नव्हता. ज्ञान मिळालं, पण ज्यांच्याकडून मिळालं त्यांना अंधारात ठेवून. प्रेमावरच्या संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत हेच घडलेलं दिसतं. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिनेसोटा विद्यापीठातल्या ७५२ नवागत विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की संगणकानं तुमच्यासाठी जोडीदार निवडलाय, नाचाला या. प्रत्यक्षात जोड्या कशाही लावल्या होत्या. मुलगा मुलीपेक्षा उंच असावा एवढंच पाहिलं होतं. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि ॲरन यांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एका तरुणीला उभं केलं. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना ती प्रश्नावली द्यायची आणि स्वतःचा फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या अठरांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम पुलावरच्या सोळांपैकी दोघांनी. उंचीच्या भीतीनं धडधडणाऱ्या काळजाला माणूस आकर्षण समजून बसतो, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष चटकदार खरा, पण आपलं काळीज कोणी मोजतंय हे त्या पुरुषांना ठाऊक नव्हतं. आज संशोधनाआधी लेखी संमती घेतात, हे चांगलंच झालं. शास्त्र आत डोकावणार असेल, तर त्यानं दार वाजवून यावं.

मग दार वाजवून आलेल्या शास्त्राला सापडलं काय?

आपल्याकडचे व्याख्याते एक अभ्यास फार प्रेमानं सांगतात. १९८२ साली उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी जयपूरच्या ५० जोडप्यांना प्रेम मोजण्याची एक प्रश्नावली दिली. प्रेमविवाह केलेल्यांचे गुण लग्नाला जितकी वर्षं झाली तितके कमी आढळले, ठरवून लग्न केलेल्यांचे वाढलेले. झालं, आपली पद्धत श्रेष्ठ! पण त्यात एकाच जोडप्याला वर्षानुवर्षं तपासलेलं नव्हतं. वेगवेगळी वर्षं झालेली वेगवेगळी जोडपी एकमेकांशी ताडून पाहिली होती, आणि तीही फक्त पन्नास. पुढे २०१२ साली अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांवर असाच छोटा अभ्यास झाला, तेव्हा दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेमाचा किंवा समाधानाचा फरक दिसलाच नाही. व्याख्यानात हा दुसरा अभ्यास मी अजून ऐकलेला नाही.

मला जास्त विचार करायला लावलं ते अलीकडच्या दोन अभ्यासांनी. दोन्हींत सॅमंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल ही मंडळी आहेत. २०१७ साली त्यांनी चार-चार मिनिटांच्या भेटींच्या कार्यक्रमात येणाऱ्या तरुणांकडून आधीच स्वभाव, आवडीनिवडी, अपेक्षा अशा शंभरावर गोष्टी भरून घेतल्या आणि संगणकाला विचारलं, सांग कोणाचं कोणाशी जमेल. कोण एकंदरीत चोखंदळ आणि कोण एकंदरीत सगळ्यांना आवडणारा, हे संगणकाला थोडंफार सांगता आलं. पण या मुलाला नेमकी हीच मुलगी का आवडली, हे त्याला अजिबात सांगता आलं नाही. २०२०चा अभ्यास तर प्रचंड होता: ८६ संशोधक, ४३ अभ्यासांची एकत्र केलेली माहिती, ११,१९६ जोडपी. निष्कर्ष असा की नात्याच्या समाधानाबद्दल सर्वांत जास्त काही सांगून जातं ते नात्याच्या आतलं. समोरचा या नात्याला धरून आहे असं वाटतं का? आपली कदर होते का? भांडणं कशी होतात? माणूस स्वतः कसा आहे, याचा वाटा त्याहून बराच कमी. आणि जोडीदार स्वतःबद्दल काय सांगतो, याची भर तर जवळपास नाहीच. आणखी एक गोष्ट, जिच्यापाशी मी बराच वेळ थांबले. पुढे हे समाधान वाढेल की घटेल, याचा अंदाज कोणत्याच माहितीवरून नीटसा बांधता आला नाही.

तर्कशास्त्राच्या बाईला याहून स्वच्छ उत्तर नको. "कोणाशी?" या प्रश्नाभोवती आपण पत्रिका, वधुवर सूचक मंडळं, संकेतस्थळं आणि मोबाइलवरचे ॲप असा सगळा डोलारा उभा केला, आणि अकरा हजार जोडपी तपासल्यावर दिसलं की खरा प्रश्न "कसं?" हा आहे. आमचे स्वतःचे अठ्ठावीस गुण जुळले होते. पुढे सासऱ्यांच्या आजारपणात रात्री कोण जागणार, याबद्दल त्या अठ्ठाविसांतला एकही काही बोलला नाही.

"कसं" याचा शोध सिअॅटलच्या जॉन गॉटमन यांनी घेतला. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एक सदनिकाच प्रयोगशाळा केली. जोडपी तिथे दिवसभर राहायची, स्वयंपाक करायची, वाद घालायची. कॅमेरे चालू असायचे. घटस्फोट आधी ओळखण्याचे त्यांचे नव्वद टक्क्यांवरचे दावे मी सोडून देते. निकाल हाती असताना बसवलेलं सूत्र नव्या जोडप्यांवर पारखायला हवं, असा आक्षेप २००१ साली इतर अभ्यासकांनी घेतला होता, आणि तो बरोबर आहे. पण त्यांची दोन निरीक्षणं माझ्या दिवाणखान्यात मला रोज दिसतात. नात्याला सर्वांत घातक असते ती तुच्छता, रागापेक्षाही. आणि नातं तगतं ते बारीक-सारीक हाकांना दिलेल्या ओच्या जोरावर.

एक मुलगा चहा पिताना म्हणाला, "हा अगदी आजीच्या चहासारखा लागतोय." मुलीनं फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "आजी गवती चहा घालायची का रे?" मग आजीची पितळी किटली, तिचं चिपळूणचं परसदार, असं पाच मिनिटं चाललं. दुसऱ्या एका जोडीतली मुलगी बदलीच्या काळजीबद्दल सांगत होती. मुलानं तिचं वाक्य मध्येच तोडलं आणि माझ्याकडे बघून हसला, "हिला ना, काकू, कशाचंही टेन्शन येतं." ती गप्प झाली. मी तेवढ्यावरून त्यांचं भविष्य वर्तवलं नाही. तो माझा अधिकार नाही. "तिचं वाक्य पूर्ण होऊ दे," एवढंच म्हणाले. त्यानं कान पकडले आणि ती पुढे बोलू लागली.

आता दुसरा प्रश्न. शास्त्रानं उद्या खरंच सगळं सांगितलं, तर वचनाचं काय?

"उद्या पाऊस पडेल" आणि "उद्या मी छत्री घेऊन स्टेशनवर येईन" ही दोन्ही वाक्यं व्याकरणानं भविष्यकाळी आहेत. पण पहिलं खरं ठरतं किंवा खोटं. दुसरं पाळलं जातं किंवा मोडलं जातं. पहिल्याला पुरावा लागतो, दुसऱ्याला माणूस. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं दाखवून दिलं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, कृती करतात. आणि उदाहरण घेतलं ते लग्नातल्या होकाराचंच. "आमचं टिकेल ना?" हे विचारणारी मुलगी भाकीत मागत असते, आणि ज्या विधीसाठी ती माझ्याकडे आलेली असते, तो विधी वचनाचा असतो.

सप्तपदीत नेमकं काय मागितलं जातं ते पाहा. तांदळाच्या सात राशी मांडतात, वधू एकेकीवर उजवं पाऊल ठेवते. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी, सातवं सख्यासाठी. भावना कायम अशीच राहील असं यात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणताही आलं नसतं, कारण भावनेचं भाकीत करता येतं, वचन देता येत नाही. वचन चालण्याचं देता येतं. कायद्यानंही हेच ओळखलं आहे: १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, सप्तपदी असलेल्या विवाहात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. आणि आपल्या कार्यालयांत त्या वेळी काय चाललेलं असतं? मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की पाहुणे लग्न लागलं असं समजून जेवायला जातात. सातवं पाऊल पडतं तेव्हा मांडवात आईवडील, करवली आणि फोटोवाला. तोही सांगतो, "ताई, ते पाचवं पाऊल जरा परत टाका, लाइट नव्हता." मी परत टाकू देत नाही.

भाकीत आणि वचन यांतला फरक सावित्रीइतका कोणाला कळला नसेल. वनपर्वातली सावित्री स्वतः रथ घेऊन वर शोधायला निघते. सत्यवानाची निवड करून परतते, तेव्हा नारद सांगतात की हा वर्षभरात मरणार. यात टक्केवारी नव्हती, शक्यता नव्हती, सरळ तारीख होती. तिचा बाप, राजा अश्वपती, म्हणतो, दुसरा शोध. सावित्री भाकीत खोटं आहे असं म्हणत नाही. तिचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. ती म्हणते, मनानं एकदा ठरवलं ते ठरवलं. पुढे तिनं यमाला कसं बोलण्यात गुंतवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो राजसभेतला क्षण. वटपौर्णिमेला आपण तिच्याकडून सात जन्मांची हमी मागतो. तिच्याकडे तर एका वर्षाचीही हमी नव्हती.

पण इथेच एक धोका आहे आणि तो संशोधनामुळेच दिसतो. सावित्रीनं निवड स्वतः केली होती. ज्याला निवड करू दिली नाही, त्याच्या तोंडचं वचन वचन नव्हे. ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातींवरचा निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मर्म, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या, असं त्यांनी मांडलं. लग्न हा दोन जिवांचा खाजगी मामला आहे, या समजुतीला एका मराठी माणसानं दिलेला हा धक्का प्रेमावरच्या कोणत्याही प्रयोगाहून मोठा आहे. इतकी वर्षं लोटल्यावरही, २०११-१२च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातली आंतरजातीय लग्नं सुमारे पाच टक्केच भरली. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, लग्न झालेल्या दहांतल्या जवळपास तीन स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. तिथे "सात पावलं चाललीस ना, आता निभाव" असं म्हणणं हा धर्म नव्हे. सख्याचं वचन दोघांचं असतं. एकानं हात उगारला की ते त्यानंच मोडलेलं असतं. बाहेर पडणाऱ्या बाईवर वचनभंगाचा ठपका ठेवू नये.

म्हणून मला दोन्ही हवं आहे. संशोधन हवं, कारण कोणाला निवडीचा हक्क मिळाला आणि कोणाला नाही, घरात हाकेला ओ मिळते की टोमणा, हे आकड्यांशिवाय दिसत नाही. आणि विधी हवा, कारण आकडे कितीही अचूक झाले तरी पाऊल काही ते टाकणार नाहीत.

घरात यंदा कार्य असेल, तर माझ्या दोन मागण्या आहेत. तारीख धरण्याआधी मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून विचारा, "तुझी स्वतःची इच्छा आहे ना?" आणि उत्तर पूर्ण ऐका. आणि लग्नाच्या दिवशी सातवं पाऊल पडेपर्यंत जेवायला जाऊ नका. त्या वचनाला साक्षीदार लागतात.